चौसष्ट सरी

वहिनी: मी वाचलं. आता तुम्ही मोठ्यानं वाचा, भाऊजी. कानावर पडलं की मला जास्त कळतं.

भाऊजी: साधंच आहे हो, वहिनी. "आम्ही शेजारी धारक लिहून देतो की, आमच्या शेतांच्या सामाईक हद्दीवरचा कोपऱ्याचा दगड एकोणीस वर्षांपूर्वीच्या पुरात मूळ जागेवरून सरकला. मूळ जागा आम्ही दोघे मिळून दाखवू." खाली माझी सही. शेजारी तुमची पाहिजे. बारा वाजता मोजणीवाल्या बाई येतील, त्यांच्या हातात द्यायचं की संपला विषय.

वहिनी: उभ्या उभ्या सही मागायला तुम्ही काय टपालवाले आहात? बसा. तो दुसरा सुरा घ्या आणि हात चालवा. दोन पोती बेणं कापायचं राहिलंय माझं.

भाऊजी: आज? आज जमिनीचा फैसला होणार आणि तुम्ही बटाट्याचं बेणं कापताय?

वहिनी: जमिनीला कुठं माहीत आहे फैसला आहे ते. तिला बेणं वेळेवर लागतं. आणि नीट कापा, प्रत्येक फोडीवर दोन डोळे राहू द्या. आता मला सांगा, म्हणजे दगड हलला होता?

भाऊजी: हो. म्हणजे, तसं दिसतंय.

वहिनी: मागच्या महिन्यात पहिली मोजणी झाली तेव्हा त्या पोरीनं अख्ख्या गावासमोर तुम्हाला विचारलं होतं, "काका, हा दगड कधी हलवलाय का?" तुम्ही छाती पुढं काढून काय म्हणालात?

भाऊजी: जाऊ द्या ना, वहिनी.

वहिनी: सांगा की. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

भाऊजी: "आमच्या पणजोबांनी रोवलेला दगड आहे. तो इंचभर हललेला नाही आणि आम्हीही हलणार नाही."

वहिनी: काय टाळ्या पडल्या! माझी सून म्हणाली, जमीन वाचवायच्या समितीला अध्यक्ष असावा तर असा.

भाऊजी: त्याच टाळ्यांनी घात केला. जुना कागद सगळं त्या दगडापासून मोजतो. दगडापासून विहिरीपर्यंत इतके हात, दगडापासून खिंडीतल्या खडकापर्यंत इतके हात. बाईंनी मोजलं तर एकही माप जुळेना. कुठं नऊ हात कमी, कुठं पाच हात जास्त. आणि आपली जमीन गिळायला बसलेल्या कारखान्याचा वकील तेवढ्यासाठीच टपलेला. म्हणाला, हा कागद या जागेचा नाहीच. तुमचे पणजोबा दुसरीकडं कुठंतरी कसत असतील, इथं तुम्ही सरकारी पडजागेवर येऊन बसलात.

वहिनी: ते मी ऐकलं. चार पिढ्या नांगर धरला आणि एका दुपारी आम्ही उपरे झालो. घरी येऊन मी जेवले नाही त्या दिवशी.

भाऊजी: एकेचाळीस घरांची शेतं आहेत, वहिनी. आजची मोजणी शेवटची. आज जुळलं नाही तर पुढच्या महिन्यात तारेचं कुंपण पडेल. बाईच म्हणाल्या, दगडाची मूळ जागा दोन्ही शेजाऱ्यांनी एकमतानं दाखवली तर मी तिथं खणून बघेन. म्हणून तुमची सही. मी एकट्यानं दाखवून चालत नाही.

वहिनी: एक विचारू? अडाणी बाईचा प्रश्न आहे.

भाऊजी: विचारा ना.

वहिनी: पूर ओढ्याला आला होता. ओढा आमच्या शेताकडून वाहत येतो आणि खाली तुमच्याकडं जातो. दगड सरकला कुठं? वर. आमच्या शेतात, चढावर.

भाऊजी: पाण्याचं काय सांगता येतं? भोवरा असतो, उलटी धार असते.

वहिनी: असेल. दोन माणसांच्या वजनाचा दगड उलट्या धारेनं चढावर नेला. बरं, नेला. मग उभाही केला? अर्धा जमिनीत पुरला? त्याच्यावरची छिन्नीची खूणसुद्धा बरोबर वरच्या बाजूला ठेवली? फारच शिस्तीचा पूर म्हणायचा, भाऊजी. जाताना हातही धुतले असतील त्यानं.

भाऊजी: वहिनी, मी हात जोडतो. सही करा.

वहिनी: हात जोडू नका, सुरा आहे हातात. आणि तुम्ही डोळे कापताय. बघा, ही फोड गेली, हीपण गेली. यातून काही उगवणार नाही.

भाऊजी: लक्ष लागत नाही.

वहिनी: ते दिसतंय मला. का लागत नाही ते विचारतेय.

भाऊजी: मी हलवला.

वहिनी: काय?

भाऊजी: दगड मी हलवला. पुरानं नाही. पुरानं नुसता बांध वाहून नेला होता, दगड जागेवरच होते. बांधाच्या दुसऱ्या टोकाचा लहान दगड हातानं उचलला आणि कोपऱ्याचा मोठा पहारीनं सैल करून बैलाच्या साखळीनं ओढला. नऊ हात, तुमच्या बाजूला.

वहिनी: कधी?

भाऊजी: नका विचारू.

वहिनी: कधी, भाऊजी?

भाऊजी: ताईच्या लग्नाच्या दिवशी. तुमच्या मुलीच्या. सगळं गाव मांडवात होतं. शेतावर चिटपाखरू नव्हतं.

वहिनी: तुम्ही उशिरा आला होतात जेवायला. शेवटच्या पंगतीला, घामानं भिजून. मी म्हटलं, पुतणीच्या लग्नात राबून राबून बिचाऱ्याचा जीव गेला. मी स्वतः वाढलं तुम्हाला. आग्रह करून करून वाढलं.

भाऊजी: मी जेवलो.

वहिनी: हो, तीनदा मागून घेतलंत.

भाऊजी: ते आठवलं की अजून ताट बाजूला सारतो. खोटं नाही सांगत.

वहिनी: आता खोटं सांगण्यासारखं राहिलंय काय? का केलंत पण? तुम्हाला काय कमी होतं?

भाऊजी: कमी काही नव्हतं. तुमच्या त्या कडेला ओल होती. उन्हाळ्यातसुद्धा पायाला गार लागायची माती. माझ्याकडं कडेपासूनच मुरूम. दादा सकाळी माती मुठीत घेऊन वास घ्यायचा आणि मी इकडं मुरमात उभा राहून बघायचो. वाटण्या आजोबांनी त्याच दगडावरून केल्या, दादानं काही माझं हिसकावलं नव्हतं. तरी वाटायचं, याला का आणि मला का नाही? बांध वाहून गेला, पुन्हा दगडाला दोरी बांधूनच घालायचा होता. डोक्यात किडा शिरला. नऊ हात तर आहेत, म्हटलं, कोणाला कळतंय.

वहिनी: त्यांना कळलं.

भाऊजी: हो.

वहिनी: लग्न उरकल्यावर तुम्ही दोघांनी मिळून बांध घातला. त्यांनी स्वतः टोपल्या वाहिल्या. आपलीच जमीन तोडायला आपल्याच डोक्यावरून माती वाहिली त्यांनी. आणि तुम्ही दोरी धरून उभे होतात?

भाऊजी: होतो.

वहिनी: मग लागवडीला सरी पाडल्या आणि संध्याकाळी घरी येऊन जे बसले, ते उठेचनात. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "सत्तावन्न भरल्या." मी म्हटलं, बरं मग? म्हणाले, "आपलं शेत चौसष्ट सरींचं आहे. माझ्या बापानं चौसष्ट पाडल्या, मी चौसष्ट पाडतो. सात सरी कुठं गेल्या?"

भाऊजी: त्याचा हात पक्का होता. सरी दोन बोटं इकडं तिकडं व्हायची नाही.

वहिनी: आता सांगताय? तेव्हा पारावर बसून काय म्हणालात? "दादाला आकडे येत नाहीत, लग्नाच्या दगदगीनं डोकं फिरलंय." सगळं गाव हसलं. पोरं मागून ओरडायची, "ए चौसष्ट, आज किती?" माणसाचं नाव गेलं आणि आकडा राहिला. दुकानदारसुद्धा म्हणायचा, "चौसष्टच्या घरचं सामान बांधा रे."

भाऊजी: माझा धाकटा दादाला तसं म्हणाला तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली होती.

वहिनी: वा! केवढे उपकार. स्वतःच्या मारून घेतली असती तर सात सरी परत आल्या असत्या.

भाऊजी: बोला. मी ऐकायलाच आलोय.

वहिनी: नाही. तुम्ही सही घ्यायला आलात. ऐकणं मी तुमच्या गळ्यात घातलं. आणि तो कागद कसला?

भाऊजी: कुठला?

वहिनी: सदऱ्याच्या खिशातला. आल्यापासून तीनदा चाचपलात. एक वाचून दाखवलात, दुसरा कसला आहे?

भाऊजी: काही नाही. कच्चा मजकूर आहे.

वहिनी: द्या.

भाऊजी: वहिनी, तो नको. तो मी देणार नव्हतो. आईशप्पथ देणार नव्हतो.

वहिनी: मग फाडला का नाही? द्या इकडं. "सदर दगड शेजारचे मयत धारक यांनी आपल्या हयातीत..." भाऊजी.

भाऊजी: परवा लिहिला. डोकं ठिकाणावर नव्हतं. वाटलं, दादा आता नाही, त्याला काय फरक पडतो. तसंही लोक त्याला... म्हणजे, लोकांना ते लगेच पटलं असतं. लिहिलं आणि मला माझीच किळस आली. पण फाडता येईना. म्हटलं, पुराचं नाही चाललं तर...

वहिनी: अक्षर छान आहे तुमचं.

भाऊजी: तोंडात मारा, पण असं बोलू नका.

वहिनी: त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं हो? तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. जिवंतपणी खोटा म्हणवलंत, आता चोरही म्हणवणार होतात?

भाऊजी: दादा देवमाणूस होता.

वहिनी: मेली म्हैस आणि मणभर दूध! चुलीत घाला तो कागद. माझ्या हातानं नाही, तुमच्या हातानं. घातला? नीट जळू द्या.

भाऊजी: जळाला.

वहिनी: आता माझं ऐका. माफी मागायला लावली होती त्यांना, शाळेच्या मैदानावर. आठवतंय?

भाऊजी: ते कसं विसरेन? पंच म्हणाले, चुलतभावावर खोटा आळ घेतलास, सर्वांसमोर माफी माग.

वहिनी: पंच नंतर म्हणाले. आधी मी म्हणाले.

भाऊजी: तुम्ही?

वहिनी: मीच. मुलगी नुकती सासरी गेली होती. तिच्या सासरी कळलं तर काय म्हणतील, बाप भांडकुदळ आहे, बाप वेडा आहे. मी रात्रंदिवस त्यांच्या मागं लागले. "सात सरींनी आपण भिकेला लागत नाही. मान खाली घाला आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "तुला तरी पटतंय का माझं?" आणि भाऊजी, मी म्हटलं, "तुमची मोजायला चूक झाली असेल." चाळीस वर्षं बटाटा लावणाऱ्या माणसाला मी म्हटलं, तुम्हाला मोजता येत नाही.

भाऊजी: तुम्हाला काय माहीत होतं, वहिनी? दोष माझा आहे.

वहिनी: तुमचा आहेच, त्यात मी वाटा मागत नाही. पण मला नवरा माहीत होता ना? तो खोटं बोलत नाही एवढं तर माहीत होतं? मला सोयीचं नव्हतं म्हणून मी मानलं नाही. गेले ते माझ्यावर रागावून गेले असते तर बरं होतं. रागावलेही नाहीत. माफी मागून घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं." त्यानंतर कधी सरी मोजल्या नाहीत त्यांनी. मोजायचे ते मनात मोजत असतील. मला लाज वाटते, भाऊजी. आत्ता, या बटाट्यांसमोर बसून लाज वाटते.

भाऊजी: माझ्यामुळं.

वहिनी: तुमच्यामुळं आणि माझ्यामुळं. वजन करत बसू नका. किती वाजले?

भाऊजी: साडेअकरा होत आले. वहिनी, जमीन तुम्हाला परत मिळेल. नऊच्या नऊ हात. मी स्वतः बांध फोडून देतो. पण पुरावर सही करा. माझ्या अब्रूसाठी नाही म्हणत. विचार करा, समितीचा अध्यक्ष म्हणून कचेरीसमोर अकरा दिवस उपाशी बसलो तो मी. गाव माझ्या मागं उभं आहे. आज कळलं की अध्यक्षच बांधचोर आहे, तर वकील काय म्हणेल? कुंपणानंच शेत खाल्लं म्हणेल. लोक घरी निघून जातील. लढा मोडेल.

वहिनी: पूर म्हटल्यावर ती मोजणीची पोर गप्प बसेल? मला अडाणी बाईला उलटी धार पटली नाही, तिला पटेल? ती शिकलेली आहे. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं की नाही, दगड हलवलाय का म्हणून? आज ती खणणार, मग विचारणार, एवढी नेमकी जागा तुम्हाला कशी ठाऊक? काय सांगाल?

भाऊजी: अंदाजानं.

वहिनी: आहे ठाऊक नेमकी?

भाऊजी: बोट ठेवून दाखवतो. दगड उपटला तेव्हा खाली खड्ड्यात कोळसे होते आणि खापऱ्या. मला वाटलं, कोणीतरी कधी चूल पेटवली असेल. वरून माती लोटली. त्या दिवशी बाई म्हणाल्या, जुने लोक हद्दीच्या दगडाखाली मुद्दाम कोळसा आणि खापऱ्या पुरायचे, दगड हलला तरी जागा ओळखू यावी म्हणून. कोळसा कुजत नाही. ते ऐकलं आणि तो खड्डा आठवला.

वहिनी: तेव्हापासून महिना झाला.

भाऊजी: एकतीस दिवस. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. संध्याकाळी सभेत भाषण करून घरी येतो.

वहिनी: मग ऐका. खोट्यावर खोटं ठेवलं आणि ते त्या वकिलानं ओढून काढलं, तर तुमच्याबरोबर एकेचाळीस घरं जातील. खरं सांगितलं तर फक्त तुम्ही जाल. हिशेब मला तरी एवढाच दिसतो.

भाऊजी: फक्त मी. किती सहज म्हणता.

वहिनी: सहज नाही म्हणत. आणि हे सगळं नसतं, पुरावर जगाचा विश्वास बसला असता, तरी मी सही केली नसती. एकदा तुमच्यापुढं मान घालायला लावली मी त्यांना. दुसऱ्यांदा नाही.

भाऊजी: पोराचं लग्न जमत आलंय. सून येणार घरात.

वहिनी: माझीही मुलगी तेव्हा सासरी होती. आता तुम्हीच सांगा, मी तेव्हा बरोबर केलं का?

भाऊजी: नाही.

वहिनी: मग उठा. बटाटे राहू द्या.

भाऊजी: तुम्ही सांगाल का, वहिनी? तुमच्या तोंडून गाव ऐकेल. मी तिथं उभा राहीन, मान खाली घालून.

वहिनी: मान खाली घालून उभं राहणं सोपं असतं, भाऊजी. सांगायचं तुम्ही. मी शेजारी उभी राहीन, एवढं करते. चपला घाला. ती उजवी डाव्या पायात चाललीय.

(शेताच्या कोपऱ्यावर, भर दुपारी. गाव बांधापलीकडं गोळा झालं आहे.)

मोजणीवाली: काका, निवेदन आणलंत ना? दोघांच्या सह्यांचं?

भाऊजी: होतं. ते खरं नव्हतं. तोंडी सांगतो.

मोजणीवाली: तोंडी चालत नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेते आणि वाचून दाखवते. पण जरा मोठ्यानं बोला. जाहीर मोजणी आहे, मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. तसा नियमच आहे.

भाऊजी: दगड हललेला आहे.

मोजणीवाली: लिहिलं. मागच्या वेळी तुम्ही उलट सांगितलं होतं.

भाऊजी: मागच्या वेळी खोटं सांगितलं.

मोजणीवाली: अहो, मागं शांत राहा जरा! काका, पुढं. कशानं हलला?

भाऊजी: मी... वहिनी, घोटभर पाणी आहे का?

वहिनी: नंतर. आधी सांगा.

भाऊजी: मी हलवला. एकोणीस वर्षांपूर्वी. पहारीनं आणि बैल लावून. माझ्या चुलतभावाच्या शेतात नऊ हात सरकवला, त्याची ओलीची कड मला पाहिजे होती म्हणून. त्यानं ओळखलं होतं. मी त्याला खोटं पाडलं. या वहिनींना आजच कळलंय, त्यांचा यात काही हात नाही. समितीतल्या कोणालाही माहीत नव्हतं, ते ठळक लिहा. चोरी माझी एकट्याची आहे.

मोजणीवाली: काका, तुम्ही बसा इथं दगडावर.

भाऊजी: या दगडावर नको. मी उभा राहतो.

मोजणीवाली: बरं. मावशी, हे कोणी ओरडत का नाहीये? मागं इतकी माणसं आहेत. मला वाटलं होतं, अंगावर धावून येतील.

वहिनी: कशी धावतील? त्या आंब्याखाली उभे आहेत ना, ते पंच होते. त्यांच्या शेजारचा दुकानदार. बाकीचे लहानपणी माझ्या नवऱ्याच्या मागं ओरडत फिरायचे. सगळे स्वतःच्या पायाकडं बघताहेत बघा.

मोजणीवाली: मूळ जागा दाखवता, काका?

भाऊजी: इथं. या निंबाऱ्याच्या झुडपापासून दोन पावलं. इथंच.

मोजणीवाली: मावशी, तुमची हरकत नाही ना? खणू?

वहिनी: खणा. माझंच शेत होतं, मला कसली हरकत.

मोजणीवाली: हळू. पहार नको, खुरप्यानं उकरा. दीड हात झालं, अजून थोडं. थांबा! हात काढा सगळ्यांनी, फोटो घेऊ द्या. हा कोळसा. हे खापराचे तुकडे, तीन, चार, मुद्दाम उभे लावलेले. वकीलसाहेब, तुम्हीही पुढं येऊन बघा. नंतर दिसलं नाही म्हणू नका. आता इथून पट्टी धरा, विहिरीकडं.

भाऊजी: जुळतंय का?

मोजणीवाली: बोलू नका मध्ये. विहीर... विहीर जुळली. आता खिंडीतल्या खडकाकडं चला.

वहिनी: भाऊजी, हे घ्या पाणी.

भाऊजी: आधी खडकाचं माप होऊ द्या.

वहिनी: होईल. प्या.

मोजणीवाली: खडकही जुळला. बोटभर फरक आहे, तो धरत नाहीत. काका, मावशी, मी निकाल देत नाही, मी फक्त माप देते. वकील काहीतरी नवीन काढतीलच, आता फोनवर तेच चाललंय त्यांचं. पण कागद याच जागेचा आहे, एवढं माझ्या अहवालात येईल. हे नाकारणं अवघड आहे.

वहिनी: म्हणजे कुंपण पडणार नाही?

मोजणीवाली: या महिन्यात तरी नाही. आणि माझं माप टिकलं तर पुढंही नाही.

भाऊजी: वहिनी, लोक निघाले. माझ्याकडं कोणी बघतही नाही.

वहिनी: बघतील. आज त्यांनाही जड जातंय. उद्या समितीत तुमच्या जागी कोणाला बसवायचं ते ठरवतील आणि मग तुम्हाला शिव्या घालतील. घालू द्या.

भाऊजी: तुम्ही घालणार नाही?

वहिनी: माझ्या खूप आहेत. एका दिवसात संपणार नाहीत. बांध फोडायला उद्या सकाळी या.

मोजणीवाली: एक रकाना राहिला, मग दोघांच्या सह्या घेते. हा नेहमी मोकळाच सोडतात, पण आज भरावा लागेल. "दगड हलल्याची तक्रार यापूर्वी कोणी केली होती काय?"

भाऊजी: हो. माझ्या दादानं. एकोणीस वर्षांपूर्वी, लागवडीच्या दिवसांत.

मोजणीवाली: लिहिलं. "त्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली?" काका? इथं काय लिहू?

भाऊजी: लिहा, पंचांनी त्याला...

वहिनी: मी सांगते. लिहा, बाळ. आम्ही त्यांना माफी मागायला लावली.